आमराई गहाण ठेवण्याआधी: कौटुंबिक समुपदेशनाचा अभ्यासक्रम निवडतानाचं एक प्रकरण

२०२५च्या ऑगस्टमध्ये, गणपतीला चार दिवस असताना, देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून ती माझ्याकडे अभ्यासक्रमाचा सल्ला घ्यायला आली. अंगावर अर्धा पाऊस, हातात दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली फाईल. घरात तिला सगळे ‘बाय’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणणार आहे. गाव ओळखू येईल असे तपशील तिच्या संमतीने बदलले आहेत.

“मॅडम, चवथीक सगळे जमतले. त्येच्याआधी माका काय ता ठरवूक व्हया.”

बाय २५ वर्षांची. मानसशास्त्रात बी.ए. झाली आणि मग तालुक्याच्या ठिकाणी एका संस्थेच्या कुटुंब सल्ला केंद्रात दोन वर्षं नोंदी ठेवायचं काम करत होती. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, नाव-गाव लिहून घ्यायचं, बैठकीत कोपऱ्यात बसून कोण काय बोललं ते टिपायचं. तिला आता नोंदी लिहिण्यापलीकडे जायचं होतं. विवाह आणि कुटुंब यांच्यासाठीची उपचारपद्धती शिकायची होती, आणि ती रीतसर, विद्यापीठात.

फायलीत तीन कागद होते. पहिलं कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र, विवाह व कुटुंब उपचार या विषयातल्या पदव्युत्तर पदवीचं. डोंबिवलीच्या काकांनी एका एजंटामार्फत ते मिळवलं होतं. फी आणि राहणं मिळून दोन वर्षांचा अंदाज ५० लाखांच्या घरात, आणि तो उभा करायला खाडीवरची हापूसची बाग गहाण. दुसरा कागद दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करण्याचा. तो बाबांचा लाडका, कारण त्यात मुलगी घरी राहत होती आणि पगारही चालू राहत होता. तिसरी एक ऑनलाइन जाहिरात: सहा महिन्यांत ‘प्रमाणित विवाह व कुटुंब थेरपिस्ट’, फी १८ हजार, शेवटच्या काही जागा शिल्लक.

मी लगेच कागदांवर बोलले नाही. अभ्यासक्रम विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विनंती करते: तुम्हाला जे काम करायचं आहे ते होताना किंवा फसताना तुम्ही पाहिलं असेल, तो एक प्रसंग सांगा. प्रवेश अर्जातल्या हेतुपत्रात बायने इंटरनेटवरची वाक्यं जोडून टाकली होती. समाजाची सेवा, कुटुंबसंस्थेचं महत्त्व वगैरे. तिचं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं.

मग तिने सांगायला सुरुवात केली. केंद्रात एक जोडपं होतं. नवरा मुंबईत नोकरीला, गावी यायचा फक्त गणपतीला आणि शिमग्याला. सून आणि सासू घरात. तक्रार सासूची होती, सून ऐकत नाही म्हणून. वर्षभर केंद्राने सुनेला पाचसहा वेळा बोलावलं, समजावलं, तिच्याकडून लिहून घेतलं. बायच्या लक्षात आलं होतं की प्रश्न नेहमी जो समोर आहे त्यालाच विचारला जातो, आणि जो समोर आहे तोच मग दोषीसारखा दिसायला लागतो. शिमग्याला नवरा आला. तिघांना एकत्र बसवलं. सासू मधल्या खुर्चीत. आणि तो माणूस तासभर आपल्या बायकोशी आईमार्फत बोलत राहिला. “आई, तिला विचार पैसे कशात गेले.” बायको दोन हातांवर बसलेली. केंद्रातल्या ताईंना काय करावं ते सुचलं नाही, त्यांनी चहा मागवला.

“मी नोंदीत काय लिहू, तेच कळलं नाही मॅडम. भांडण झालंच नव्हतं.”

हे ऐकलं आणि ही मुलगी योग्य विषयाच्या दारात उभी आहे याची माझी खात्री पटली. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, हा त्रिकोण मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी मांडला. घरात कोणाची खुर्ची कुठे, कोण कोणाच्या वतीने बोलतं, कोणती सीमा पुसली गेली आहे, हे बघून खुर्च्या प्रत्यक्ष हलवायला त्याच क्षेत्रातल्या साल्वादोर मिनुचिन यांनी शिकवलं. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत वाढलेल्या या विद्येचं मूळ म्हणणं असं की लक्षण एका माणसात दिसलं तरी ते नात्यांच्या जाळ्यात बघावं लागतं. बायने यातलं नाव एकही ऐकलेलं नव्हतं. तिने ते मधल्या खुर्चीत पाहिलं होतं.

ही विद्या फक्त परदेशात मिळते हा समज मात्र मी तिथेच खोडून काढला. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबासाठीचा स्वतंत्र मानसोपचार विभाग आहे. आपल्याकडे आजारी माणसाबरोबर घर येतंच. त्या घराला उपचारात घ्यायचं की व्हरांड्यात बसवून ठेवायचं, एवढाच काय तो निर्णय.

आता कागद. मी तिला उलट्या बाजूने मोजायला सांगितलं. पाच वर्षांनी तुला कुठल्या खोलीत बसायचं आहे?

“हयसरच. आणखी खंय जातलंय?”

‘इथेच’ हे उत्तर आलं आणि निम्मा हिशेब मिटला. ‘तिकडेच स्थायिक व्हायचं आहे’ असं ती म्हणाली असती तर माझा सल्ला वेगळा असता, आणि तो मी तितक्याच मनापासून दिला असता.

अमेरिकेत विवाह व कुटुंब उपचार हा स्वतंत्र, परवानाधारक व्यवसाय आहे. तिथली व्यावसायिक संघटना १९४२ची. चांगल्या विभागांत विद्यार्थी एकतर्फी काचेआड बसून अनुभवी माणसाचं सत्र बघतात, स्वतःच्या सत्राचं रेकॉर्डिंग मार्गदर्शकासमोर चालवून वाक्य न् वाक्य तपासून घेतात. अशी संधी कुणालाही मिळावी. पण पदवी म्हणजे परवाना नव्हे. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी देखरेखीखालचे ३,००० तास लागतात आणि ते किमान १०४ आठवड्यांत पसरलेले असावे लागतात. काही तास शिकताना जमा होतात, पण मोठा वाटा पदवीनंतरचा. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला पदवीनंतर काम करायची मुभा साधारण १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना मिळणारी वाढीव मुदत या विषयाला नाही. म्हणजे जागा मिळायला महिना-दोन महिने गेले, मार्गदर्शक बदलला किंवा संस्थेत पुरेशी कुटुंबं आली नाहीत, की तास अपुरे राहून परत यायचं. एजंटाच्या माहितीपत्रकात ३,०००चा आकडा नव्हता. आणि समजा परवाना घेऊन आली, तरी भारतात या नावाचा परवानाच नाही. देवगडात तो कागद भिंतीवर शोभेल, पण त्याने कुठलंही पद उघडणार नाही.

इथे मी थोडी चिडले होते, हे कबूल करते. पन्नास लाख आणि ज्या कलमांवर तीन पिढ्या पोसल्या ती बाग, हे पणाला लावायला निघालेल्या घराला परवान्याचा साधा हिशेब कोणी सांगत नाही, हे मला पटत नाही.

दुसऱ्या कागदाचा निकाल त्याच आठवड्यात बाहेरून लागला. आरोग्य आणि संलग्न सेवांच्या कक्षेत येणारे विषय, त्यात मानसशास्त्रही, जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, असा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केला. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा २०२१चा कायदा त्यामागे आहे. बाबांना वाईट वाटलं. घर, नोकरी, म्हातारी आई सांभाळून शिकणाऱ्या कोकणातल्या कित्येक बायकांसाठी दूरशिक्षण हीच एक वाट होती, ती बंद झाल्याचं दुःख मलाही आहे. तरीही माणसासमोर बसायचं काम माणसासमोर न बसता शिकता येत नाही, हेही मी अनुभवाने सांगते.

तिसऱ्या जाहिरातीवर आम्ही पाच मिनिटं घालवली. सहा महिन्यांत एकही कुटुंब समोर येणार नव्हतं. ‘प्रमाणित’ कोणी केलं, या प्रश्नाला फोनवर उत्तर आलं, “आमच्या कंपनीने.”

फायलीत नसलेला कागद समाजकार्याचा होता. मानसशास्त्राच्या मुलांना एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, ही नुसती सर्वेक्षणं आणि शिबिरं वाटते. बायलाही तसंच वाटत होतं. मी तिला इथल्या खुर्च्या मोजायला लावल्या. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४चा. तडजोडीसाठी प्रयत्न करणं हे त्यात न्यायालयाचं कर्तव्य मानलं आहे आणि समुपदेशकाची तरतूद आहे. महाराष्ट्रात विवाह समुपदेशकाच्या पदाला समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि कुटुंब समुपदेशनाचा अनुभव मागतात. (जिथे वेगळं कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे हे दावे नेहमीच्या दिवाणी न्यायालयात चालतात, तेव्हा ही खुर्ची प्रत्येक तालुक्याला मिळत नाही.) पोलीस यंत्रणेत महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. त्याची सुरुवात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत केली, आणि तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसतात. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे. तिथल्यासारख्या ठिकाणी मनोविकार समाजकार्य हा वेगळा पेशा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची व्याख्या समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर विशेष प्रशिक्षण अशी केली आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर मात्र मानसशास्त्रच हवं, आणि एम.ए.नंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी. नुसत्या एम.ए.वर ती पाटी लावता येत नाही. अनेक जण लावतात, आणि ते मला गंभीर वाटतं.

म्हणजे घराघरातलं काम आणि सरकारी खुर्ची यांच्या जवळ नेणारी वाट, तिला जी कमी प्रतीची वाटत होती, तीच होती.

पण मी तिला लगेच ‘हेच कर’ म्हटलं नाही. नावापेक्षा आत काय चालतं ते विचारायला लावलं. पुढच्या महिन्यात तिने पाच विभागांना फोन आणि ईमेल केले: मुंबईतले तीन, पुण्यातले दोन. त्यात मानसशास्त्राचेही होते. प्रश्न आम्ही दोघींनी मिळून काढले. आठवड्यातले किती दिवस क्षेत्रकार्य? तिथे विद्यार्थी एकट्या व्यक्तीला भेटतो की पूर्ण कुटुंबाला? त्याच्या कामावर दर आठवड्याला कोण बसून बोलतं, आणि त्या व्यक्तीने स्वतः कुटुंबांबरोबर काम केलं आहे का? नोंदी मराठीत लिहिल्या तर चालतात का? या चौथ्या प्रश्नावर मी हट्ट धरला होता. ‘जीव टाकते’, ‘मन उडालंय’, ‘घरात धरत नाहीत’ ही वाक्यं इंग्रजीत लिहिली की त्यातलं कुटुंब निघून जातं आणि एक निदान उरतं.

सगळ्यात महत्त्वाचा होता पाचवा प्रश्न. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवायचं की नाही, हे तुम्ही कधी आणि कसं शिकवता? २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाल्यावरही आपल्याकडे ‘दोघांना समोरासमोर बसवून मिटवू’ ही सवय गेलेली नाही. खोलीत बाई खरं बोलली तर घरी जाऊन मार खाते. कधी एकत्र बसवायचं नाही हे न शिकवणारा कुटुंब उपचाराचा अभ्यासक्रम कितीही नामांकित असो, तो मी कोकणातच काय, कुठेच कोणाला सुचवणार नाही. पाचपैकी दोन विभागांनी या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलं. दोन्ही समाजकार्याचे होते. मानसशास्त्राच्या एका विभागातल्या बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं की आमची मुलं मुख्यतः व्यक्तीबरोबर काम करतात, कुटुंबाचा एक पेपर आहे. अशा प्रामाणिक उत्तराचा मला आदर वाटतो.

मधल्या काळात गणपती येऊन गेले, आणि खरा निर्णय तिथे झाला. तो मला बायने नंतर सांगितला.

तिचे बाबा आणि काका नऊ वर्षं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. कारण तीच बाग. सातबाऱ्यावर सात नावं आहेत, वाटप झालेलं नाही. आरती एकत्र, जेवण एका पंगतीत, पण निरोप बायमार्फत. “बाबाक सांग, फवारणीचे पैसे दिलंय.” “काकाक विचार, रविवारी जातलो काय?” माझ्याकडे पहिल्या भेटीत तिने हे सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या भेटीत मी तिला कुटुंबाचा नकाशा काढायला शिकवला, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ताणाच्या नात्याला नागमोडी रेघ, तेव्हा तिचा हात दोन चौकोनांमधल्या रेघेवर थांबला. मग म्हणाली, “म्हणजे त्या खुर्चीत मीच आसंय.” मी तिला तेव्हा स्पष्ट बोलले. घरचं भांडण सोडवायला म्हणून हा विषय घेऊ नकोस, पण ते भांडण तुझ्याबरोबर प्रत्येक सत्रात येऊन बसणार आहे, हे माहीत असू दे. चांगले मार्गदर्शक विद्यार्थ्याला स्वतःच्या घराकडे बघायला लावतात ते यासाठीच.

चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री ती माजघरात जुन्या कॅलेंडरच्या मागे तो नकाशा पुन्हा काढत बसली होती. आजी शेजारी वाती वळत होती. नागमोडी रेघ काय, असं तिने विचारलं. बायने सांगितलं. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “तुका मधी कोणी घातला गो? मीच मां?” एवढंच. पुन्हा वाती वळायला लागली.

दुसऱ्या दिवशी काकांनी नेहमीप्रमाणे बायला हाक मारली, “बाबाक विचार, बँकेच्या कागदावर सही देतलो काय?” आजी पडवीतून म्हणाली, “तो थंय बसलोहा, तूच विचार.” काकांनी विचारलं. बाबांनी त्यांच्याकडे बघून उत्तर दिलं, नाही. बाग गहाण ठेवणार नाही. नऊ वर्षांतलं पहिलं थेट वाक्य नकाराचं निघालं. समेट झाला नाही, काका एक दिवस आधीच निघून गेले. मात्र कर्जाचा प्रश्न घरातल्या ज्या दोघांचा होता त्यांनी तो सोडवला, आणि परदेशाचा कागद त्यानेच मिटला. माझ्या ३,००० तासांच्या हिशेबाने तो मिटला असता की नाही, मला शंका आहे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही यादी पक्की केली. पहिली पसंती टाटा संस्थेतला समाजकार्याचा, मुलं आणि कुटुंब हा प्रवाह. मग मुंबईचं निर्मला निकेतन, १९५५ पासून समाजकार्य शिकवणारं. मग पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था. कर्व्यांचं नाव आलं आणि बाबा थोडे सैलावले, कारण महर्षी कर्वे, आमचे अण्णा, दापोलीजवळच्या मुरूडचे. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला तो मुलगा पुढे स्त्रियांसाठी विद्यापीठ काढतो, ही गोष्ट आमच्याकडे शाळेत सांगितली जाते. मानसशास्त्राचा एक अर्ज आम्ही मुद्दाम ठेवला. तिचं मन दोन महिन्यांत बदललं तर दार उघडं राहावं म्हणून.

या निवडीत काय हातचं गेलं, तेही तिला सांगितलं आहे. एम.एस.डब्ल्यू.मधून ती कायदा, संस्था, वस्ती, घर हे सगळं शिकेल. एका कुटुंबाबरोबर दहा-पंधरा सत्रं खोलवर काम करण्याची तालीम तिथे पूर्ण मिळणार नाही. पदवीनंतर देखरेखीखालचं कुटुंब उपचाराचं प्रशिक्षण वेगळं शोधावं लागेल, त्यासाठी पुन्हा पैसे आणि वेळ लागेल. परदेशातल्या दोन वर्षांत जे एका ठिकाणी मिळालं असतं ते तिला इथे तुकड्यातुकड्यांनी जमवायचं आहे. ती तयार आहे. मला तिच्या तब्येतीची आणि पैशांची काळजी आहे, आणि ती राहणार.

एक प्रश्न अगदी शेवटी आला. मुंबईत राहायचं कुठे? डोंबिवलीला काकांचं घर आहे, काकू मायाळू आहे, खर्च वाचतो. बायने स्वतःच नको म्हटलं. “थंय रवलंय तर दोन्हीकडचे निरोप परत माझ्याकडेच येतले.” वसतिगृहाचा अर्ज भरायचं ठरलं. काकांना ती फोन करते, दर रविवारी, स्वतःच्या खुशालीसाठी.

हेतुपत्र तिने नव्याने लिहिलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. पहिलं वाक्य असं आहे: “आमच्या केंद्रात एक माणूस तासभर आपल्या बायकोशी आईमार्फत बोलला, आणि त्याच्या नोंदीची माझी वही कोरी राहिली.”

प्रवेशपरीक्षा मार्चमध्ये आहे, शिमग्याच्याच महिन्यात. तेव्हा तो नवरा गावी येणार आहे आणि केंद्राने पुन्हा तिघांना बोलावलं आहे. बायने ताईंना सांगून दोन गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. आधी सुनेला एकटीला भेटायचं, घरात हात उचलला जातो का ते विचारायचं. तसं काही नसेल तरच तिघांना बसवायचं, आणि सासूबाईंची खुर्ची खिडकीपाशी.